मरीन ड्राइव्हवरची इमारत पाहायची तर आधी छज्जा पाहा

पुण्याहून दहा-बारा जणांचा गट एका दिवसासाठी येणार आहे आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या आणि आडव्या पट्ट्यांच्या शैलीतल्या, इमारती पाहायच्या आहेत. कोणती निवडावी, आत जाता येतं का, किती वेळ ठेवावा आणि पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं, असा तुमचा प्रश्न आहे. गटात दोघे-तिघे सिव्हिल इंजिनिअर आहेत असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर काँक्रीटकडे जरा जास्त झुकेल. पण ते तसंही झुकलंच असतं, कारण या इमारतींचं रूप काँक्रीटमुळे आलं आणि त्यांचं दुखणंही काँक्रीटचंच आहे.

आधी निवडीचं. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंतची सगळी रांग एका दमात चालून काढू नका. साडेतीन किलोमीटरची पायपीट होते, फोटो शेकड्यांनी निघतात आणि रात्री परतताना कोणती बाल्कनी कोणत्या इमारतीची हे कुणालाच सांगता येत नाही. एक इमारत धरा, तिला दीड-दोन तास द्या. तिच्यावर डोळा बसला की बाकीची रांग चालता चालता वाचता येते. माझी शिफारस सूना महालची. वीर नरिमन रोड जिथे समुद्राला भिडतो त्या कोपऱ्यावर ती उभी आहे. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून समुद्राकडे चालत सुटलं की सात-आठ मिनिटांत पोचता. १९३७ची इमारत, वास्तुरचनाकार जी. बी. म्हात्रे. सूना हे ती बांधणाऱ्या सिधवा कुटुंबातल्या आजीचं नाव. कोपऱ्याची असल्यामुळे तिच्या दोन बाजू एकाच वेळी दिसतात. रांगेतल्या इमारतीची फक्त समोरची बाजू दिसते, कडेची भिंत आणि मागचं अंग झाकलेलं राहतं. शिवाय तळमजल्यावर वर्षानुवर्षं रेस्तराँ आहे, त्यामुळे इमारतीच्या निदान एका भागात कुणाची परवानगी न मागता बसता येतं.

आता वेळेचं, कारण इथे बहुतेकांचं गणित चुकतं. मरीन ड्राइव्हच्या इमारतींची तोंडं साधारण पश्चिमेला आहेत. सकाळी त्या स्वतःच्याच सावलीत असतात, फोटो सपाट आणि राखाडी येतात. सकाळ ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेसाठी ठेवा. महर्षी कर्वे रोडवरच्या एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू, क्वीन्स कोर्ट, राजाब महाल या इमारती पूर्वेकडे, मैदानाकडे तोंड करून आहेत आणि आठ ते दहा या वेळात ऊन त्यांच्यावर सरळ पडतं. मरीन ड्राइव्हला दुपारी या. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेतीन ते साडेपाच हा चांगला वेळ. मे-जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो.

सिव्हिलवाल्यांसाठी मात्र वेगळी वेळ सांगतो: दुपारी एक ते दीड. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साधारण पाऊण वाजता. त्यानंतर थोडा वेळ ऊन पश्चिमेच्या भिंतीला घासत खाली उतरतं. अशा घासत्या उजेडात प्लास्टरचा लहानसा फुगवटाही सावली टाकतो. जी भिंत संध्याकाळी सोनेरी आणि गुळगुळीत दिसते, तिच्यावर एक वाजता ठिगळं, फुगे आणि जुन्या दुरुस्तीच्या कडा स्पष्ट दिसतात. एवढ्यासाठी उन्हात अर्धा तास उभं राहणं परवडतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. तुम्ही ज्या जमिनीवर उभे राहाल ती समुद्रात भराव घालून केलेली आहे. बॅकबे रेक्लमेशनच्या योजनेत आठ ब्लॉक होते, त्यातले चारच पुरे झाले. खर्च इतका फुगला आणि काम इतकं रखडलं की गव्हर्नर लॉइडच्या नावाने लोक त्याला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. त्या कारभारावर तुटून पडलेले खुर्शेद फ्रामजी नरिमन, ज्यांचं नाव पुढे नरिमन पॉइंटला मिळालं. भराव घातलेल्या जमिनीचे आखीव प्लॉट पडले, उंचीला आणि रस्त्याकडच्या रेषेला नियम लागले. म्हणून ही रांग तळमजला अधिक साधारण पाच मजले अशी एका दोरीत दिसते. कुठे एखादा मजला वर चढलेला दिसला तर तो बहुधा नंतरचा. खात्री करायची असेल तर वरच्या मजल्याचा छज्जा (खिडकीवर भिंतीतून बाहेर काढलेली काँक्रीटची आडवी पट्टी) खालच्यांशी जुळतो का आणि खिडक्यांची रुंदी तीच आहे का ते पाहा. नंतर चढवलेल्या मजल्यावर छज्ज्याची जाडी बदलते आणि गोलाई मोडते.

आणखी एक गोष्ट, शब्दाबद्दल. ‘आर्ट डेको’ हे नाव १९६०च्या दशकात रूढ झालं. १९३७ साली मुंबईत या घरांना सरळ ‘मॉडर्न’ म्हणत. मला तोच शब्द जास्त पटतो. नक्षी पुसून टाकली तरी या इमारती नव्याच राहतात, कारण त्यांचा सांगाडा आरसीसीचा, म्हणजे आत सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, आहे: खांब, तुळया आणि स्लॅब वजन पेलतात, भिंत फक्त आडोसा करते. त्यामुळे खिडकी कोपऱ्यापर्यंत नेता आली, बाल्कनी गोल वळवता आली आणि भिंतीतून छज्जा नुसता हवेत बाहेर काढता आला. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही मोठी कंपनी झाली आणि या बांधकामाला लागणारं सिमेंट देशातच मिळत होतं. म्हात्र्यांसारखे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले भारतीय वास्तुरचनाकार तेव्हा ऐन उमेदीत होते. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत ‘व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको’ अशी मुंबईची जी जोडनोंद झाली, त्यातला दुसरा अर्धा भाग म्हणजे ही पिढी आणि हे काँक्रीट.

प्रत्यक्ष पाहायला सुरुवात करताना इमारतीच्या दारात जाऊ नका. सिग्नलवरून रस्ता ओलांडून समुद्राकडच्या फुटपाथवर या आणि कठड्याला पाठ टेकून उभे राहा. पहिली पाच मिनिटं फोटो नाही. आधी फक्त बाह्यरेषा पाहा: कोपऱ्यावर बुरजासारखा उभा गेलेला भाग आणि त्याच्या दोन्ही हातांना पसरलेले आडवे पट्टे. उभा भाग नजर वर नेतो, आडवे पट्टे तिला कडेकडे ओढतात. कोपऱ्याची इमारत दोन रस्त्यांना एकाच वेळी सामोरी कशी जाते, हा अवघड प्रश्न म्हात्र्यांनी या दोन रेषांनी सोडवला. कोपरा टोकदार ठेवला असता तर दोन वेगळ्या भिंती दिसल्या असत्या. गोलाईमुळे एकच सलग अंग दिसतं.

मग ते आडवे पट्टे म्हणजे काय ते पाहा. लांबून रंगाची पट्टी वाटते, जवळून कळतं की त्यातले बरेचसे छज्जे आहेत. या किनाऱ्यावर एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर छज्जा पाहा. त्याच्यात ऊन, पाऊस, रूप आणि रोग, चारही एकत्र सापडतात.

नेहमीचा छज्जा दोन ते अडीच फूट बाहेर आलेला असतो, भिंतीपाशी जाड आणि टोकाकडे निमुळता. कडा जाणूनबुजून बारीक ठेवलेली असते, त्यामुळे खालून तो हलका दिसतो. काम किती होतं? हिशोब सोपा आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, नीट पश्चिमेला असलेल्या भिंतीवर, दोन फुटी छज्जा दुपारी दोन वाजता सुमारे साडेपाच फूट खालपर्यंत सावली टाकतो. म्हणजे अख्खी खिडकी सावलीत. चार वाजता हीच सावली पावणेदोन फुटांच्या आत येते आणि पाच वाजता जेमतेम फूटभर उरते. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला नुसता छज्जा पुरत नाही. म्हणून इथे बैठकीची खोली आत ढकलून पुढे बाल्कनी काढलेली असते, खोल सावलीसाठी. म्हणजेच बाल्कनी बंद करून खोली वाढवणाऱ्याने जागा मिळवली आणि घराची सावली घालवली. त्यानंतर एसी लागतो, आणि एसीचं बाहेरचं यंत्र बसतं कुठे, तर छज्ज्यावर.

पावसाचंही तसंच. नैर्ऋत्येचा पाऊस मरीन ड्राइव्हवर खाली पडत नाही, आडवा येतो. छज्ज्याने खिडकीचा वरचा भाग वाचतो, बाकी भिजतोच. पण छज्ज्याचं खरं काम वरच्या भिंतीवरून ओघळणारं पाणी तोडून बाहेर टाकणं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: वरच्या बाजूला बाहेरच्या दिशेने उतार, आणि खालच्या बाजूला कडेपासून इंच-दोन इंच आत एक बारीक सलग खाच. पाणी कडेवरून वळून पोटाला चिकटत आत येऊ पाहतं, खाचेपाशी तुटतं आणि गळून पडतं. दुर्बीण असेल तर ही खाच शोधा. जिथे ती शाबूत आहे तिथे छज्ज्याचं पोट कोरडं आणि एकरंगी दिसेल. जिथे पुढच्या कुणी दुरुस्तीत प्लास्टर फिरवून ती बुजवली आहे, तिथे काळा ओघळ भिंतीपर्यंत पोचलेला दिसेल. गवंड्याला पाच मिनिटांचं काम, पण दुरुस्तीत सगळ्यात आधी हेच विसरलं जातं.

आता रोगाकडे. छज्जा हा एका बाजूने धरलेला, दुसऱ्या बाजूने मोकळा. असा भाग खाली वाकू पाहतो, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळ्या वरच हव्यात. काँक्रीट ओतताना बिगारी त्या जाळीवर पाय देऊन गेला तर सळ्या इंचभर खाली बसतात. छज्जा तेव्हा उभा राहतो, पण भिंतीला लागून वरच्या बाजूने केसासारखी भेग जाते. तीच पाण्याची वाट. रस्त्यावरून ती दिसत नाही, समोरच्या गच्चीवरून किंवा वरच्या बाल्कनीतून दिसते. खालून जे दिसतं ते वेगळं: पोटाला आडव्या-उभ्या रेघा, तपकिरी ओघळ, ढलपी पडून उघडी झालेली सळई. रेघा एकमेकींना समांतर आणि सारख्या अंतरावर असतील तर त्या सळ्यांच्याच रेघा, आतला गंज बाहेर आपला नकाशा काढतो आहे असं समजा. वेड्यावाकड्या, जाळीसारख्या रेघा बहुधा फक्त प्लास्टरच्या असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

गंज लागतो कसा, हे गटातल्या सगळ्यांना समजावं म्हणून सांगतो. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात. त्यात सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हा थर दोन वाटांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरत पीएच नऊच्या खाली आणतो. दुसरी वाट मिठाची: समुद्राच्या तुषारांतले क्लोराइड आत शिरतात आणि पीएच चांगला असतानाही तो थर जागोजागी फोडतात. मरीन ड्राइव्हवर दोन्ही एकदम चालतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. त्याला जागा नसते, म्हणून तो काँक्रीट फोडतो. या काळातल्या बांधकामात सळईवर काँक्रीटचं आवरण बहुतेक अर्धा-पाऊण इंच असे. आजच्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारपट्टीला उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर आणि समुद्राचे तुषार थेट येतात तिथे ५० मिलिमीटर आवरण लागतं. बांधणाऱ्यांचा हा हलगर्जीपणा नव्हता, तेव्हाची पद्धत तीच होती. सळ्याही तेव्हाच्या गोल, गुळगुळीत, साध्या पोलादाच्या. पिळाच्या सळ्या नंतर आल्या.

एक सूचना कळकळीने. जिथे ढलपी पडलेली आहे, हिरवी जाळी बांधलेली आहे किंवा फुगवटा दिसतो, त्याच्या बरोबर खाली उभं राहून वर पाहू नका. तिसऱ्या मजल्यावरून सुटलेला ओंजळभर तुकडाही जीवघेणा असतो. पाहायचं ते कडेने, किमान पंधरा-वीस फूट लांबून.

छज्ज्यानंतर बाल्कनीचा कठडा. इथे जहाजाची आठवण येते ती लोखंडी आडव्या पाइपांमुळे: खाली बुटकी भरीव भिंत, वर दोन-तीन पाइप, कोपऱ्यात वळवलेले. भरीव भागाने खालच्या रस्त्यापासून आडोसा होतो आणि पाइपांमधून वारा येतो. या कठड्याचं मर्म एका जागी असतं, उभा पाइप काँक्रीटमध्ये शिरतो त्या बुंध्याशी. तिथे पाणी साठतं, लोखंड फुगतं आणि कठड्याचा माथा ताऱ्यासारखा तडकतो. दुरुस्तीत पाइप काढून स्टेनलेस स्टीलचे चकचकीत कठडे बसवले की इमारतीचा चेहराच बदलतो. साध्या पाइपाला जस्ताचा मुलामा देऊन, बुंध्याभोवती उतार देऊन आणि सांधा लवचीक सीलंटने भरून तेच रूप टिकवता येतं. खर्चही कमी. तरी स्टेनलेस बसवतात, कारण ते नवं दिसतं.

खिडक्यांकडे फार रेंगाळायची गरज नाही, फक्त एक खूण सांगतो. जुन्या खिडक्या सागवानी किंवा बारीक लोखंडी चौकटीच्या, बाहेर उघडणाऱ्या, आणि काचा आडव्या तुकड्यांत विभागलेल्या. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली की चौकट जाड होते, आडव्या रेघा जातात आणि एका वेळी निम्मीच खिडकी उघडते. एकाच इमारतीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतील. त्यांचा एकत्र फोटो घ्या, हा फरक शब्दांत सांगून पटत नाही.

नावाच्या पाटीपाशी मात्र थांबा. अक्षरं भिंतीतच प्लास्टरमध्ये उठवलेली आहेत की नंतर धातूची कापून बसवली आहेत ते पाहा. उठवलेल्या अक्षरांवर प्रत्येक रंगकामाचा थर चढतो आणि कडा बोथट होत जातात. कडा अजून धारदार असतील तर त्या इमारतीचा रंग कुणीतरी खरवडून, सावकाश काढलेला आहे. नावंही वाचत जा: महाल, कोर्ट, विहार, भवन. केवल महाल, कपूर महाल, झवेर महाल या उत्तरेकडच्या जुन्या इमारती. शातो मरीनमध्ये नर्गिस राहत होत्या आणि कृष्णा महालात सुरैया. कुठल्या गटातला कुठला माणूस कशाने रमेल सांगता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

आत जाण्याबद्दल. ही लोकांची घरं आहेत, तिकीट काढून पाहायची जागा नाही. जायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी सोसायटीच्या किंवा मालकाच्या ऑफिसला पत्र द्या: किती जण, कोणत्या तारखेला, किती वेळ, कशासाठी, आणि फोटो घेणार की नाही. दहा-बारा जण एकदम आत सोडायला कुणीही कचरेल. चार-चारच्या तुकड्या आणि पंधरा मिनिटं, असं लिहिलंत तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. वॉचमनला पैसे देऊन आत शिरू नका. त्याच्या नोकरीवर बेततं आणि पुढच्या गटाला दार कायमचं बंद होतं. मुंबईच्या आर्ट डेकोवर काम करणाऱ्या संस्था आणि वास्तुकलेची कॉलेजं वेळोवेळी फेऱ्या काढतात, ओळख नसेल तर तो रस्ता सोपा.

परवानगी मिळालीच तर प्रवेशाच्या दालनात आधी खाली पाहा. मुंबईत सरसकट सगळ्याला ‘मोझेक’ म्हणतात, पण दोन वेगळ्या गोष्टी असतात. जागेवर ओतलेला टेराझो म्हणजे सिमेंट आणि संगमरवरी चिपा एकत्र ओतून घासलेली सलग जमीन. तिच्यात पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या पातळ पट्ट्या घातलेल्या असतात. त्या फक्त नक्षीसाठी नसतात, त्यांनी जमीन लहान भागांत तुटते आणि भेगा पट्टीपाशीच थांबतात. दुसरी गोष्ट म्हणजे साच्यात घडवलेल्या सिमेंटच्या फरशा. त्यांचे सांधे ठरावीक अंतराने येतात आणि रंगाचा थर वरचा काही मिलिमीटरच असतो. मुंबईच्या भारत फ्लोरिंग्जने १९२२पासून अशा फरशा बनवल्या आणि त्या काळच्या असंख्य घरांत त्या गेल्या. टेराझो जुना झाला की लोक त्यावर ग्रॅनाइट चढवतात. खरं तर पुन्हा घासून पॉलिश केला की तो नव्यासारखा होतो. ॲसिडने मात्र कधीही धुऊ नये: संगमरवराच्या चिपा विरघळतात आणि जमीन खडबडीत होते.

मग जिना. एक मजला पायी चढा, लिफ्ट नको. जिन्याचा कठडा वळणावर कुठेही तुटत नाही, सलग फिरतो. हात ठेवून चढलात की डोळ्यांपेक्षा लवकर कळतं. जिन्याला उजेड कुठून येतो पाहा, उभ्या लांब खिडकीतून की मागच्या चौकातून. लिफ्टची जुनी लाकडी पेटी आणि सरकता जाळीचा दरवाजा टिकून असेल तर तो भाग्याचा योग. सुरक्षेच्या नियमांमुळे बहुतेक ठिकाणी यंत्रं बदललेली आहेत, काही ठिकाणी जुनी पेटी राखून नवं यंत्र बसवलंय, आणि ते सर्वांत शहाणपणाचं. मागच्या बाजूला नोकरमाणसांचा जिना आणि न्हाणीघरांच्या पाइपांची मोकळी जागा असते. दाखवतील तर आवर्जून बघा. दर्शनी बाजूला रंग मिळतो, दुरुस्तीचा पैसा मिळतो, मागे पाइप गळत असतात. इमारतीची खरी तब्येत मागच्या बाजूला कळते.

गच्चीवर जायला मिळालं तर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चायना मोझेकचा, म्हणजे फुटक्या चिनी फरशांच्या तुकड्यांचा, थर दिसेल. प्रत्येक गळतीला वर आणखी एक थर ओतायची सवय मुंबईत जुनी आहे. कठड्याच्या भिंतीची आतली उंची आज किती उरली आहे ते मोजा. बाहेरून दिसणाऱ्या उंचीपेक्षा ती फारच कमी भरली तर किती थर चढले आणि स्लॅबवर किती जादा वजन आलं, हे तिथेच समजतं.

परांची बांधलेली इमारत दिसली तर नशीब समजा आणि तिथे अर्धा तास काढा. चांगली दुरुस्ती अशी चालते. आधी हातोडीने टकटक करून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखतात. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं रसायन मारतात: गुलाबी झालं तर तिथे अल्क शिल्लक आहे, रंग आला नाही तर संपलं. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल तपासणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खालचं वाचन आलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर धरतात. मग टेकू देऊन खराब काँक्रीट काढतात, आणि नुसतं सळईपर्यंत नाही, तिच्या मागेही वीस-पंचवीस मिलिमीटर. सळई सगळ्या बाजूंनी लख्ख घासतात, फार झिजली असेल तर जोडसळई घालतात, गंजरोधक थर देतात, जोड धरणारा थर देतात आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर थराथराने भरतात. खोली जास्त असेल तर साचा लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं वाहतं काँक्रीट, ओततात. शेवटी पाणी मारून पिकवतात.

बिघडतं ते ‘मागेही’ या एका शब्दावर. सळईच्या मागचं जुनं, मीठ भरलेलं काँक्रीट तसंच ठेवून पुढून प्लास्टर थापलं की दोन पावसाळ्यांत तोच फुगवटा परत येतो. आणखी एक गोष्ट अनुभवी कंत्राटदारालाही चकवते. ठिगळ उत्तम भरलं तर त्यातली सळई सुरक्षित होते, पण तिच्या लगतची, जुन्या खारट काँक्रीटमधली सळई आता जास्त वेगाने गंजू लागते. मग ठिगळाच्या कडेभोवती नवी भेग येते आणि लोक म्हणतात दुरुस्ती वाईट झाली. दुरुस्ती चांगली होती, हद्द चुकीची आखली होती. फक्त फुटलेला तुकडा नाही, मीठ शिरलेला सगळा पट्टा धरायला हवा.

पैशाचा प्रश्नही समजून घ्या, नाहीतर रहिवाशांना नावं ठेवणं फार सोपं आहे. १९४७च्या भाडेकायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. समुद्रासमोरच्या मोठ्या घराच्या भाड्यात परांचीचाही खर्च निघत नाही, अशी स्थिती पुढे कित्येक दशकं राहिली. मालक हात आखडता घेतो, भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही. त्यात दर्शनी भागाला हात लावायचा तर महापालिकेच्या वारसा संवर्धन समितीचा विचार घ्यावा लागतो. १९९५च्या वारसा नियमावलीपासून हे चालत आलंय, आणि ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. अहवाल मात्र किती ठिकाणी फाइलमध्येच राहतो ते छज्जे सांगतात.

दिवसाची आखणी अशी ठेवा. आठला चर्चगेट, ओव्हलची पश्चिम कड दहापर्यंत. वाटेत १९३८चं इरॉस चित्रपटगृह आहेच. मग चहा-नाश्ता. सिव्हिलवाले एक वाजता सूना महालसमोर, बाकीचे जेवायला. साडेतीनला सगळे समुद्राकडच्या फुटपाथवर, साडेपाचनंतर उत्तरेकडे चालत मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड स्टेशन. जून ते सप्टेंबरमध्ये येत असाल तर भरतीचं वेळापत्रक पाहून या. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी कठड्याजवळ उभं राहू देत नाहीत, आणि राहूही नये. पण इमारतींच्या बाजूच्या फुटपाथवरून तुषार कोणत्या मजल्यापर्यंत उडतात ते नीट दिसतं.

सोबत आठपटीची दुर्बीण, वही आणि टोपी पुरे. प्रत्येक फोटोला इमारतीचं नाव, मजला, बाजू आणि तारीख लिहा. एका छज्ज्याचा फोटो पावसाळ्याआधी मेमध्ये आणि नंतर ऑक्टोबरमध्ये, त्याच जागेवरून, त्याच वेळी घेतलात तर तो त्या इमारतीच्या सोसायटीला पाठवा. दुरुस्तीचा अंदाज काढणाऱ्या इंजिनिअरला अशी जोडी फार क्वचित मिळते.